दुसऱ्याच्या घरचं माणूस

"तुम्ही पेशंट की घरच्या?"

विचारणाऱ्याच्या दोन्ही हातांत मिळून चार प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. मला वाटलं, मी भलत्याच दारातून आत आले. खोलीत चालण्याच्या व्यायामाचे समांतर दांडे होते, कोपऱ्यात रबरी चेंडू होते आणि समोरची अख्खी भिंत म्हणजे आरसा. मला हवा होता शनिवार दुपारचा वर्ग. बायपोलर आजार असलेल्यांचा आणि त्यांच्या घरच्यांचा.

"घरची," मी म्हटलं. "म्हणजे... माझ्या दादाला आहे. तो आला नाही."

"पहिल्या शनिवारी पुष्कळदा घरचेच येतात. बसा." त्यानं खुर्च्या मांडल्या, सगळ्या आरशाकडे पाठ करून. "आरशाकडे तोंड केलं की लोक केस सारखे करत बसतात. शिकत कुणी नाही."

"तुम्ही इथले डॉक्टर का?"

"इतकी कडक इस्त्री दिसतेय?" त्यानं स्वतःच्या शर्टाकडे कौतुकानं पाहिलं. "मी पेशंट. नऊ वर्षं झाली. चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो, नंबर काढतो. आणि तुम्ही डोळे बारीक करून बघता, म्हणजे तुम्ही माझं गिऱ्हाईक."

"मला व्यवस्थित दिसतं."

"फळ्यावर काय लिहिलंय?"

"...'वेळेवर या'."

"'वेळेवर झोपा'," तो म्हणाला आणि पुढची खुर्ची मांडायला गेला.

मी शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काम करते. काचेच्या नळीतली पातळी वाचून आकडा लिहिणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे पहिल्याच दिवशी एका अनोळखी माणसानं माझं वाचन चुकीचं ठरवावं, हे मला झोंबलं. घरी जाताना बसच्या पाट्या मी मुद्दाम लांबून वाचत गेले. एकही धड वाचता आली नाही.

वर्ग घेणाऱ्या सिस्टर पन्नाशीच्या होत्या. आवाज बारीक, पण खोली गप्प करणारा. त्यांचा नियम एकच होता.

"माझ्या वर्गात कुणी आपल्या माणसाशेजारी बसायचं नाही. आपल्या माणसाचं आपण ऐकत नसतो, नुसती उत्तरं तयार ठेवत असतो. म्हणून प्रत्येक पेशंटला मी दुसऱ्याच्या घरचं माणूस देते. त्यानं विचारायचं आणि त्यानंच लिहायचं. आपला आकडा आपण लिहिला की आपण त्याला नटवतो."

आकडे असायचे झोपेच्या तासांचे. एका कागदावर आठवड्याचे सात चौकोन. खाली गोळ्यांची खूण, त्याखाली मन कसं होतं ते, उणे पाच ते अधिक पाच. चष्मेवाला आपल्या ताईबरोबर आला होता. ताईला मिळाले एक निवृत्त बसड्रायव्हर काका, आणि चष्मेवाल्याला मिळाले मी.

"रविवार?" मी पेन सरसावलं.

"सात तास."

"नक्की? की अंदाजे?"

"बाई, तुम्ही पाण्यालाही असंच दरडावता?"

"पाणी उलट बोलत नाही."

"म्हणून ते इतकं पातळ होतं," तो गंभीरपणे म्हणाला. शेजारच्या जोडीतल्या ताईनं मान वळवून पाहिलं. तिचा भाऊ असा कुणाशी बोलताना तिनं बऱ्याच दिवसांत पाहिला नसावा.

त्या वर्गात मी जे शिकले ते मला आधी पुस्तकातून माहीत होतं. हा आजार स्वभावाचा दोष नाही. बरं वाटतंय म्हणून औषध आपल्या मनानं बंद करायचं नाही. लिथियम या औषधाची रक्ततपासणी ठरलेल्या वेळी, आधीच्या गोळीनंतर बारा तासांनी. झोप कमी झाली आणि तरी थकवा नाही, तर तो पहिला इशारा समजायचा. हे सगळं मला तोंडपाठ होतं. तरीही घरी दादा माझ्याशी बोलायचा बंद झाला होता.

"तुम्ही कामावरून घरी येता," चष्मेवाल्यानं तिसऱ्या शनिवारी विचारलं, "तेव्हा दादाला पहिलं वाक्य काय बोलता?"

मी आठवून पाहिलं. "गोळी घेतलीस का?"

"रोज?"

"...रोज."

"आणि मग म्हणता तो बोलत नाही." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. "तो काय देणार उत्तर? 'हो' म्हटलं तर तुम्ही पाकीट मोजणार. 'नाही' म्हटलं तर घर डोक्यावर घेणार. गोळीचं विचारा, जरूर विचारा. पण ते तिसरं वाक्य असू दे ना... पहिली दोन माणसाशी बोला."

त्या संध्याकाळी मी दारात चपला काढता काढता म्हटलं, "दादा, आज आमच्या टाकीत एक कासव सापडलं." दादानं टीव्हीचा आवाज बारीक केला. आम्ही कासवावर वीस मिनिटं बोललो. शेवटी तोच म्हणाला, "घेतलीय गोळी. विचारायचं विसरलीस."

मीही त्याला काही दिलं. त्याच्या ताईविषयी तो चिडून बोलायचा. ती म्हणे दाराला कान लावून त्याच्या घोरण्याचा अंदाज घेते, त्याच्या बुटांचा आवाज ओळखते, पहारेकरीण आहे नुसती. मी त्याला सांगितलं, ज्या वर्षी दादा सलग आठ दिवस झोपला नव्हता तेव्हा मी त्याच्या बुटांच्या नाड्या काढून माझ्या उशीखाली ठेवल्या होत्या. तो चपला घालून गेला. "नाड्या काढून काही उपयोग नव्हता, हे मलाही कळत होतं," मी म्हटलं. "पण हात रिकामे ठेवून बसवत नव्हतं."

त्यानं पलीकडे, काकांचा कागद भरणाऱ्या ताईकडे पाहिलं. त्या नजरेत मी काही नव्हतेच, आणि तरी त्या आठवड्यापासून मी शनिवारची वाट बघायला लागले.

सातव्या आठवड्यात मी त्याच्या दुकानात गेले. हरल्यासारखी.

खोली अरुंद होती, भिंतीवर उतरत्या अक्षरांचा तक्ता. त्यानं माझ्या नाकावर काचा बदलून बघायची ती जड लोखंडी चौकट ठेवली, आणि कानामागचा केस चौकटीत अडकला तो बोटाच्या टोकानं सोडवला. इतक्या हलक्या हातानं, की केसाला कळलं, मला कळायला एक क्षण उशीर झाला.

"हे स्पष्ट..." त्यानं एक काच सरकवली, "...की हे?"

"पहिलं."

"आणि आता?"

"दुसरं. नाही – थांबा – परत दाखवा."

"कितीही वेळा दाखवीन," तो म्हणाला. मग स्वतःच गडबडला आणि खोट्या कडकपणानं म्हणाला, "खालची ओळ वाचा."

मी वाचली. अक्षरांच्या कडा इतक्या धारदार असतात हे मी विसरलेच होते. मग चौकटीतून त्याच्याकडे पाहिलं तर त्याच्या डाव्या भुवईत एक छोटा पांढरा केस दिसला. सात शनिवार मी त्याच्यासमोर बसत होते आणि तो मला दिसला नव्हता.

त्यानंतरचे दिवस हलके गेले. तो शनिवारी लवकर यायचा, मी त्याहून लवकर. तो दोन थांबे आधी उतरून चालत यायचा, कारण म्हणे चालताना त्याला गोष्टी सुचायच्या. खूप गोष्टी. तो बोलायचा आणि मी हसायचे. एक वाक्य पुरं व्हायच्या आत दुसरं सुरू व्हायचं, आणि त्या सगळ्या वाक्यांमध्ये कुठेतरी मी असायचे. आठव्या आठवड्यात त्याची झोप साडेसहा तास होती. नवव्यात सहा. मी लिहीत होते.

दहाव्या आठवड्यात, गुरुवारी, तो स्वतः प्रयोगशाळेच्या फाटकावर येऊन पाकीट देऊन गेला. आत अकरा पानांचं पत्र. 'तू' म्हणून लिहिलेलं. पहिल्या तारखेला तो नोकरी सोडणार होता. आम्ही मिळून एक जागा घेणार होतो, तिथे एका खोलीत लोकांचे डोळे तपासायचे आणि दुसऱ्या खोलीत पाणी, कारण माणसाला काय दिसतं आणि तो काय पितो यावर सगळं ठरतं, आणि हे आजवर कुणाच्याच लक्षात आलेलं नाही. सहाव्या पानावर लिहिलं होतं, 'मला तू आवडतेस. हे लिहायला पाच पानं उगाच घालवली.'

मी ते पत्र दोनदा वाचलं. सहावं पान किती वेळा, ते सांगत नाही.

त्या शनिवारी मी पेन काढलं. "रविवार?"

"साडेपाच. सोमवार पण साडेपाच. मग पाच, पाच, पाच. काल साडेचार, आज साडेचार – पण तुम्हाला सांगतो, थकवा म्हणाल तर शून्य! पत्र वाचलंत? नवव्या पानावरचा नकाशा बघितलात?"

साडेचार. मी पेन टेकवलं आणि 'पाच' लिहिलं. पुढच्या चौकोनातही 'पाच'.

साडेचार म्हणजे जवळजवळ पाचच की, असं मी मनात म्हटलं. मी! एका दशांशाच्या फरकासाठी मी शिकाऊ मुलींचे अहवाल परत पाठवते. तो समोर चमकत्या डोळ्यांनी बोलत होता, आणि त्याच्या त्या बोलण्यात कुणीतरी टाचणी टोचावी आणि ती मी असावी, हे मला नको होतं. बस, एवढंच.

वर्ग सुटल्यावर जिन्यात त्याच्या ताईनं मला गाठलं. "त्याचा आवाज ऐकलात आज? मला काहीतरी वेगळं वाटतंय. पण मी बोलले की भांडण. तुम्ही लिहिता ना त्याची झोप... किती आहे हो?"

"पाच," मी म्हटलं. "पाच-साडेपाच."

"हो का?" तिनं सुटकेचा श्वास टाकला. "मग मीच उगाच जीव टांगणीला लावते."

ती खाली गेली. मी कठड्याला धरून उभी राहिले. दादाच्या त्या वर्षी अगदी सुरुवातीला आई म्हणाली होती, राहू दे गं, किती दिवसांनी हसतोय. आम्ही राहू दिलं. आम्हालाही ते हसणं हवं होतं. नवव्या दिवशी दुसऱ्या गावच्या पोलीस ठाण्यातून फोन आला होता.

मी परत वर चढले. सिस्टर कागद गोळा करत होत्या, तो खुर्च्या एकावर एक रचत होता, शीळ घालत.

"सिस्टर, माझी जोडी बदला."

शीळ थांबली. सिस्टर म्हणाल्या, "का गं? भांडलात?"

"नाही. मी आकडे चुकीचे लिहिलेत. शेवटचे दोन साडेचार आहेत. मी पाच लिहिले. आणि यांच्या ताईंनाही आत्ता खोटंच सांगितलं."

"का?"

मी मान वर केली तर समोर आरसा. त्यात मी होते, आणि माझ्यामागे तो, हातात खुर्ची घेतलेला. सिस्टरांना सांगायचं ते मी त्या आरशातल्या माणसाकडे बघत सांगितलं.

"कारण हे खूश होते... आणि मला ते तसेच हवे होते. मला आता यांच्याकडे नीट बघता येत नाही."

सिस्टरांनी कागद खाली ठेवला. "म्हणजे हे आता दुसऱ्याच्या घरचे राहिले नाहीत."

"नाही राहिले."

कुणी कुणाला आपलं मन सांगताना इतकं वाईट सांगितलं नसेल. एकाच वाक्यात मी त्याला म्हणाले होते की तू मला हवा आहेस, आणि म्हणाले होते की तू आजारी पडतो आहेस. त्याच्या चेहऱ्यावर दोन्ही पोचलेलं दिसलं. आधी एक उजेड, आणि त्याच्या पाठोपाठ...

"म्हणजे मी खूश आहे तो आजार आहे," तो म्हणाला.

"मी असं नाही म्हटलं."

"पत्रातलं कुठलं पान आजाराचं, तेवढं सांगा. तुम्ही तर प्रयोगशाळेतल्या."

"मला नाही वेगळं करता येत. म्हणूनच म्हणतेय. पाणी गढूळ असलं की आम्ही हलवत नाही, ठेवून देतो. नोकरी आत्ता सोडू नका. डॉक्टरांना भेटा... आजच."

"सगळेच मला मोजतात." त्यानं खुर्ची रचली, अगदी सरळ, काठाला काठ लावून. "मला वाटलं होतं, तुम्ही नुसत्या बोलताय."

तो निघून गेला. सिस्टरांनी लगेच ताईला फोन लावला. मी उरलेल्या खुर्च्या रचल्या. माझ्या हातून त्या वाकड्याच लागत होत्या.

पुढचे तीन शनिवार तो आला नाही. मला बसड्रायव्हर काका मिळाले. "पोरी, आज गाडी गॅरेजात दिसतेय तुझी," ते म्हणायचे. मी त्यांचे तास लिहायचे, अर्ध्या तासासकट.

तिसऱ्या शनिवारी ताई माझ्याशेजारी येऊन बसली. "त्याच दिवशी गेला डॉक्टरांकडे. माझ्या फोनच्या आधीच. तिथे बाकावर बसला होता, राजीनाम्याचा कागद खिशात तसाच. औषध बदललंय, रक्त तपासलंय. आता दहा-बारा तास झोपतो. बोलत नाही फारसा." ती थांबली. "तुम्ही मला खोटं सांगितलंत."

"हो."

"आणि परत वर गेलात."

"हो."

"मागच्या वेळी मला कळलं होतं," ती पदराच्या काठाशी चाळा करत म्हणाली. "मी नव्हते गेले कुणाकडे. तेव्हा तीन महिने दवाखान्यात होता तो."

त्या संध्याकाळी मी दादाला सगळं सांगितलं. त्याच्याविषयी काही न विचारता मी माझंच काही सांगण्याची बहुधा ती पहिलीच वेळ. पत्राचंही सांगितलं. तो नखं कापत ऐकत होता.

"अकरा पानं?" तो म्हणाला. "हात्तिच्या. माझं चाळीस पानांचं होतं, आणि ते मी बँकेच्या मॅनेजरला दिलं होतं." मग त्यानं नेलकटर बाजूला ठेवलं. "तो रागावला असेल. रागावू दे. मला तुझा दोन वर्षं राग होता. पण एक सांगू? त्या वेळी आम्ही बोलतो ना, ते सगळं खोटं नसतं गं. आवाज मोठा असतो. काय खरं होतं ते आवाज उतरल्यावर कळतं. कधी काहीच उरत नाही... हेही आहे."

मला तेवढंच हवं होतं, आणि तेवढ्याचीच भीती होती.

चौथ्या शनिवारी तो आला. उशिरा. दाराजवळच्या खुर्चीत बसला, कुणाशी बोलला नाही. वर्ग संपल्यावर मी खाली आले तेव्हा तो दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर होता. मांडीवर हात, आणि त्या हातांना नव्या औषधाचा बारीक कंप. मी दिसल्यावर त्यानं हात बगलेत दाबले.

"बसू?" मी विचारलं.

त्यानं सरकून जागा केली. कितीतरी वेळ आम्ही समोरच्या सायकलींकडे बघत बसलो. पूर्वी त्याच्या बोलण्यात फटच नसायची. आता एकेका शब्दाआधी तो लांबचं काही शोधून आणत असल्यासारखा वाटत होता.

"तुम्ही बरोबर होतात," तो म्हणाला.

"मला बरोबर असायचं नव्हतं."

"माहीत आहे." त्यानं पायानं एक खडा सरकवला. "ते पत्र... फाडू नका. पण त्याला उत्तरही देऊ नका."

"मग कशाला देऊ?"

मी घाई केली नाही.

"मला आत्ता फारसं काही वाटत नाही," तो सावकाश म्हणाला. "जेवतो, पण चव कळत नाही. ताई बोलते ते काचेपलीकडून ऐकू येतं. डॉक्टर म्हणतात, हळूहळू येईल. दाढी करायला उभा राहतो आणि अर्ध्यात सोडून देतो... कशाला करायची, असं वाटतं. आज सकाळीही अर्धी झाली होती. मग मनात आलं, शनिवार आहे, तुम्ही असाल. आनंद वगैरे नाही झाला. नुसतं आलं मनात. आणि मी उरलेली दाढी केली." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "याहून जास्त आज माझ्याकडे नाही. तुम्हाला हे कमी वाटलं तर ते बरोबर आहे."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि चष्म्यामुळे ते लपलं नाही.

"परत होईल हे?" मी विचारलं.

"होईल. सांभाळून राहिलो तर कमी वेळा, आणि लवकर ओळखू. होणारच नाही असं मी सांगणार नाही."

"मला भीती वाटते."

"वाटायलाच पाहिजे. मलाही वाटेल... अजून तेवढं वाटायला लागलेलं नाही."

मला हसू आलं. रडता रडता येतं तसं, बेशिस्त. मी त्याचा एक हात बगलेतून ओढून काढला. तो थरथरत होता, आणि माझ्याही हातात थरथरत राहिला.

"भीती वाटते," मी म्हटलं, "आणि तरी मला तू हवा आहेस. पत्रातला होता तो मला आवडलाच होता, उगाच नाही म्हणणार नाही. पण हाही हवाय. अर्ध्या दाढीचासुद्धा."

तो माझ्याकडे बघत राहिला. ते वाक्य त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागत होता, हे मला दिसत होतं. मी थांबले. मग त्यानं मोकळा हात उचलून हनुवटीवरून फिरवला, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, खात्री करून घेतल्यासारखा.

"आज पूर्ण आहे," तो म्हणाला, आणि त्याच्या ओठांच्या एका कोपऱ्यात, अगदी सावकाश, काहीतरी हलायला लागलं.